गाळून घेतलेला खर्रा

चंद्रपूरला जाऊन आले म्हटलं की पुण्यात प्रत्येक जण एकच विचारतो, वाघ दिसला का. नाही दिसला. मी वाघ बघायला गेलेच नव्हते. मी गेले होते सिगारेट ओढणारं एक यंत्र बघायला, आणि त्या यंत्रापायी माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही. शांत झाल्यावर लिही, असं घरचे म्हणाले. तशी वाट बघत बसले तर हे कधी लिहूनच होणार नाही.

थोडं माझ्या कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढची भांडणं कळतील. ई-सिगारेटमधून निघणारी वाफ फुफ्फुसाला काय करते, हे मी प्रयोगशाळेत तपासते. वाफ म्हणतात तेच मुळात चुकीचं. तापलेल्या तारेवरून उडालेल्या चिकट द्रवाच्या अतिबारीक थेंबांचं ते धुकं असतं. माणसाला मुद्दाम ओढायला लावून तपासता येत नाही, म्हणून यंत्र ओढतं. ठरलेल्या मापाचा झुरका, मग विश्रांती, मग परत झुरका. ते धुकं नळीतून आणून फुफ्फुसाच्या पेशींवरून सोडायचं. या पेशी छोट्या वाट्यांत, पातळ पडद्यावर वाढवलेल्या असतात. खालून त्यांना पोषण मिळतं आणि वरून त्या हवेला उघड्या असतात, फुफ्फुसात असतात तशाच. शेजारी तशाच दुसऱ्या वाट्या ठेवायच्या आणि त्यांच्यावरून नुसती स्वच्छ हवा सोडायची. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना लाल रंग पाजायचा. जिवंत पेशी रंग पितात, मेलेल्या पीत नाहीत. एका बाजूच्या वाट्या लाल आणि दुसरीकडच्या फिक्या दिसल्या, तर तो फरक त्या धुक्याने केलेला.

या सिगारेटवर देशात बंदी आहे. त्यामुळे ती कुठे मिळते हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

चंद्रपूर

तिथल्या एका महाविद्यालयाने हे यंत्र नव्याने घेतलं होतं आणि ते वापरायला शिकवण्यासाठी मला बोलावलं होतं. माझा कॉलेजातला मित्र वासनिक चंद्रपुरात छातीच्या रोगांचा डॉक्टर आहे. त्याचा फोन आला, "येतेच आहेस तर माझा एक पेशंट बघ."

पेशंटचं नाव प्रफुल. आरमोरीजवळच्या एका खेड्यातला तरुण ट्रक ड्रायव्हर, सूरजागडच्या डोंगरातून लोहखनिज वाहून आणणारा. महिनोन्‌महिने खोकला आणि दम. या भागात खोकला म्हटलं की आधी क्षयाची औषधं सुरू होतात, तशी त्याचीही झाली होती. थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नव्हते, औषधांनी फरक पडत नव्हता आणि आता तो ऑक्सिजनवर होता. त्याच्या खिशात ई-सिगारेट सापडल्यावर वासनिकने ती याच महाविद्यालयाकडे तपासायला पाठवली. उत्तर आलं, हिची वाफ आणि स्वच्छ हवा यांत पेशींच्या दृष्टीने फरक नाही. म्हणून त्याने तो संशय सोडला आणि क्षयाची औषधं चालूच ठेवली.

"पण माझं मन मानत नाही," तो म्हणाला. "हा पोरगा डोळ्यांदेखत चाललाय."

सकाळी स्टेशनसमोर पोहे खाल्ले. इकडे पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. आपल्याकडे पोह्यांवर खोबरं भुरभुरवून लिंबाची फोड ठेवली की आपण स्वतःला उदार समजतो. तर्रीने कानातून धूर निघत असतानाच मी महाविद्यालयात पोचले, आणि खरा धूर तिथे होता.

यंत्राला हळदकुंकू वाहिलं होतं. झेंडूचा हार घातला होता. इथवर ठीक आहे, आमच्याकडेही दसऱ्याला सूक्ष्मदर्शकाला फूल वाहतात. पण यंत्राच्या समोर, ते ज्या भोकातून खोलीतली हवा आत ओढतं त्याच्या अगदी तोंडाशी, उदबत्तीचं घर होतं आणि त्यात चार उदबत्त्या भसाभसा जळत होत्या.

"हे आज माझ्यासाठी?" मी विचारलं.

"नाही नाही, रोज लावतो," विभागप्रमुख कोल्हे सर हसून म्हणाले. "काम सुरू करायच्या आधी. यंत्र महागाचं आहे, मॅडम."

 म्हणजे ज्या वाट्यांवरून स्वच्छ हवा सोडायची, त्यांच्यावरून हे रोज उदबत्तीचा धूर सोडत होते. त्या पेशी अर्धमेल्या झाल्या असणार. आणि अर्धमेल्यांच्या शेजारी दुसरे अर्धमेले ठेवले तर फरक कसा दिसेल? हवा गाळायची जाळी बसवायची असते, ती खोक्यातच पडून होती, कारण ती लावली की यंत्र आवाज करतं म्हणे.

मी प्रफुलची ई-सिगारेट मागितली. ती मला स्वच्छ, चकचकीत, ट्रेमध्ये रुमालावर ठेवून आणून दिली. आतलं सगळं ओतून टाकलं होतं, स्पिरिटने धुतलं होतं, तार नवी बसवली होती आणि पुस्तकात सांगितलेला शुद्ध द्रव भरून तिची परीक्षा घेतली होती.

"पण त्यात काय होतं हेच तर बघायचं होतं ना?"

"मानकात द्रव ठरवून दिलेला आहे, मॅडम. काहीबाही भरून कसं तपासणार?"

मी त्यांच्यावर ओरडले. पाहुणी म्हणून आलेल्या बाईने ओरडू नये हे मला कळतं. पण एक माणूस श्वासासाठी तडफडतोय आणि त्याच्या तोंडातली वस्तू तुम्ही लग्नाच्या भांड्यांसारखी घासून ठेवता! आणि मानक तरी कोणी केलं? ज्यांनी केलं त्यांनी दूरच्या देशांतल्या खोल्यांत बसून, सावकाश झुरके घेणारं एक शहाणं यंत्र कल्पिलं. सूरजागडच्या रस्त्यावर कोणी कसं ओढतं हे त्यांना कुठून ठाऊक असणार? मी हेच मानक वर्गात शिकवते, त्यामुळे माझा राग दुप्पट होता.

एक गोष्ट मात्र त्यांच्या धुण्यातून सुटली होती. आतल्या रबराच्या चकतीला वास राहिला होता, आणि तो खर्र्याचा होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन लाकडावर घासघासून करतात तो खर्रा. त्यावरही बंदी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत म्हणूनच तो प्रत्येक चौकात मिळतो, आणि पाव्हण्याला पाण्याच्या आधी खर्रा विचारणारी घरं मी पाहिली.

दुपारी वॉर्डात गेले. प्रफुल मास्क लावून उशांना टेकून बसला होता; आडवं झालं की जीव घाबरा होत होता. कडेला त्याची बायको करिश्मा त्याची पाठ चोळत होती.

"त्यात काय भरायचास रे?" मी विचारलं.

"दुकानातलंच जी," तो मास्कमधून म्हणाला. "दुसरं काई नाई."

करिश्माने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागली. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, कोळशाच्या धुळीने काळा पडलेला एक पिंपळ होता.

आलापल्लीच्या पुढे

दुसऱ्या दिवशी सूरजागडच्या बाजूला गाडी करून निघाले, तिथले ड्रायव्हर काय आणि कसं ओढतात ते बघायला. मार्च संपत आला होता. मोहाच्या झाडांखाली पानं जाळून जमीन झाडून ठेवलेली, आणि बायका-माणसं टोपल्या घेऊन फुलं वेचत होती. आंबूस-गोड वास गाडीत शिरत होता. आष्टी ओलांडल्यावर जंगल दाट झालं आणि त्याबरोबर लाल धूळही वाढली. रस्त्याकडेच्या सागाची पानं, झोपड्यांची कौलं, वाळत घातलेले कपडे, सगळ्यावर एकच तांबडा थर बसलेला. आमच्याकडे घरासमोर कोणी रांगोळीवर पाय दिला तर भांडण होतं. इथे माणसांच्या ताटावर रोज धूळ येऊन बसते आणि ती कोणाची हे विचारायची सोय नाही.

एटापल्लीकडच्या रस्त्यावर ट्रकांची रांग उभी होती. एका टपरीवर प्रफुलचा जोडीदार सोमाभाऊ भेटला. वासनिकने त्याला फोन करून ठेवला होता. पन्नाशीचा, बोलका माणूस. त्याने आधी मला जबरदस्तीने जेवायला बसवलं. भात, वरण आणि तळ्यातल्या बारीक मासळीचा लाल रस्सा. वर ओंजळभर सांबार. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला अर्धं जेवण झाल्यावर कळलं. तोवर मी वरणालाच सांबार समजून "सांबार छान आहे" म्हणत होते आणि तो पुन्हा पुन्हा माझ्या ताटात कोथिंबीर टाकत होता.

जेवण झाल्यावर त्याने खिशातून निळी ई-सिगारेट काढली. एक झुरका, दुसरा, तिसरा, मध्ये श्वाससुद्धा नाही. मग ती शेजारच्या ड्रायव्हरकडे गेली, त्याच्याकडून तिसऱ्याकडे. तार गार व्हायला वेळच मिळत नव्हता. कढईत तेल जळल्यावर घशाला जो ठसका बसतो तसा वास सुटला. हे सगळे खोकले, हसले आणि परत ओढू लागले.

"खर्रा सोडला का, सोमाभाऊ?"

"सोडा लागला नं जी! आमचा ठेकेदार म्हनते, गाडीच्या दारावर पिंक दिसली का गाडी काढून घेतो. रांगंत रातरातभर बसून राह्यतो आमी. तोंडात काई नसलं तं डोळे मिटते. मंग हे निघालं. थुंका लागत नाई, आगपेटी लागत नाई. विकनारा म्हने यात तंबाखूच नाई, क्यान्सरचा सवालच नाई."

"पण वास तर खर्र्याचा येतोय."

तो खुश झाला. "ते दुकानातलं पपईच्या सरबतावानी लागे. त्यात मजा नाई. मंग आमच्या प्रफुलनं आयडिया काढली. खर्रा भिजवाचा, गाळाचा, मेडिकलातलं ग्लिसरीन टाकाचं. एकदम असल चव!" त्याने ट्रकमध्ये चढून सीटखालून औषधाची एक बाटली काढली. आत चहासारखा गढूळ द्रव होता. "हे प्रफुलच्या बायकोच्या हातचं. तिच्यावानी साफ कोनालेच जमत नाई. घ्या, तुमाले तपासाले पायजे नं?"

 चुना! गाळला तरी विरघळलेला चुना आत राहणारच, आणि तो तारेवर थर धरणार, तार जळणार, तंबाखूचं विष चुन्यामुळे आणखी पटकन रक्तात जाणार, आणि सुपारीतलं काय काय फुफ्फुसात जाणार हे तर मलाही माहीत नव्हतं. जगातल्या कुठल्याच मानकात हे बसत नव्हतं. मी त्याला म्हटलं, हे आजपासून बंद. तो म्हणाला, "हाव जी, बंद," आणि दुसऱ्याने पुढे केलेली सिगारेट घेतली.

मी विकणाऱ्याचं नाव विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मला चहा सांगितला.

परतीच्या खड्ड्यांत बाटलीचं झाकण सैल झालं आणि थोडा द्रव माझ्या कपड्यांवर सांडला. चंद्रपूरच्या लॉजवर मॅनेजरने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, रूममध्ये थुंकू नका." आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी असं म्हणालं. मी त्यालाही ओरडले.

पुन्हा चंद्रपूर

वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात मी करिश्माला बाटली दाखवली. ती नाकारेल असं वाटलं होतं. ती खाली बसली.

"माह्या बाबाचा गाल सडला व्हता मॅडम, खर्र्यानं," ती म्हणाली. "शेवटी पानी पेता येत नव्हतं त्याईले. लग्न झालं तं हे पन तेच खात. मी रोज भांडो. मंग हे म्हनाले, आता तोंडात काई ठेवत नाई, फक्त चव पायजे. मले वाटलं, तोंड तं वाचलं." तिने बाटली माझ्या हातून घेऊन उजेडात धरली. "तीनदा गाळत व्हती मी. पातळ फडक्यानं. एक कन राहू देत नव्हती."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलं?"

"हे म्हने, सांगतलं का ठेकेदार कामावरून काढन. गाडी गेली तं खाचं काय?"

मी तिला ताबडतोब वासनिककडे नेलं. तिने सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता. वासनिकने प्रफुलच्या छातीचे सगळे फोटो पुन्हा काढून प्रकाशात धरले आणि मग स्वतःलाच चार शिव्या दिल्या. त्याच संध्याकाळी त्याने दुर्बिणीची नळी घालून फुफ्फुसातला स्राव तपासायला घेतला. क्षय नव्हता. आतून भाजल्यासारखी सूज होती. क्षयाची औषधं बंद झाली आणि सूज उतरवायची सुरू झाली.

खरं म्हणजे माझ्या वाट्यांवरून कोणाचा आजार ठरत नाही. पण मला त्या उदबत्तीवाल्या निकालाला तसंच सोडायचं नव्हतं. मी हार काढला, उदबत्तीचं घर बाहेर नेऊन ठेवलं, जाळी बसवली. यंत्राला सोमाभाऊसारखं ओढायला लावलं, झुरक्यावर झुरका, जळका वास येईपर्यंत. एका बाजूला स्वच्छ हवा, दुसऱ्या बाजूला बाटलीतलं.

दुसऱ्या दिवशी करिश्मा म्हणाली, मलाही पाहायचंय. नेलं तिला. स्वच्छ हवेच्या वाट्या डाळिंबाच्या दाण्यांसारख्या लाल झाल्या होत्या. दुसऱ्या पाण्यासारख्या फिक्या.

"हे मेले?"

"हो."

तिने वाकून फिक्या वाट्या एकेक करून मोजल्या.

कोल्हे सरांनी वाट्या पाहिल्या, मान डोलावली आणि म्हणाले, "मॅडम, निष्कर्ष चांगला आहे, पण तो मानकाबाहेरचा आहे. आधीचं उत्तर आम्हाला मागे घेता येणार नाही." मी म्हटलं, उदबत्ती कुठल्या मानकात आहे ते दाखवा. त्यांना वाईट वाटलं. रोज अंघोळ करून, चपला बाहेर काढून श्रद्धेने काम करणारा माणूस आहे तो, हे मला दिसत होतं. म्हणून काय झालं? श्रद्धेने केलेल्या चुकीत माणूस कमी मरतो का? समारोपाची शाल मी घेतली नाही. शेवटी त्यांनी ते उत्तर मागे घेतलं, पण माझ्याशी बोलणं बंद केलं.

एक काम मात्र राहून गेलं, ते सांगायलाच हवं. तिसऱ्या वाट्या हव्या होत्या. दुकानातला मूळ द्रव, खर्रा न मिसळलेला, असाच दामटून ओढला तर काय होतं, हे त्यातून कळलं असतं. त्याशिवाय सांगता येत नाही की पेशी मेल्या त्या जळक्या तारेने, का बाटलीतल्या खर्र्याने. पण पेशी संपल्या होत्या आणि तो द्रव मला कोणी आणून दिला नाही. बंदी आहे ना! ओढायला हवा तेवढा मिळतो, तपासायला मिळत नाही.

नागभीडकडे

निघायच्या दिवशी प्रफुलचा मास्क जाऊन नाकात नळ्या आल्या होत्या. तो पहिल्यांदा आडवा झोपला होता. वासनिक म्हणाला, जगेल, पण फुफ्फुसाचा काही भाग गेला तो गेला. ट्रकचं स्टेअरिंग धरेल की नाही सांगता येत नाही. ठेकेदाराने गाडी दुसऱ्याला दिलीच होती. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, मी काय केलं मॅडम, मी तर गाडी साफ ठेवा एवढंच म्हटलं. मी फोन ठेवून दिला, आणि त्याचं ते वाक्य आठवलं की मला आजही राग येतो.

करिश्माला घरून कपडे आणि तांदूळ आणायचे होते. मला नागपूरहून पुण्याची गाडी पकडायची होती, म्हणून नागभीडमार्गे गाडी करून तिला बरोबर घेतलं. तिथून तिला आरमोरीची बस होती. मूल, सिंदेवाही मागे पडलं. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, मध्येच एखाद्या तळ्यात गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून जाळं टाकणारे लोक.  मी खिडकीतून दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बडबडत राहिले.

नागभीडला बस लागलेली होती. तिने पिशवी उचलली, दार उघडलं आणि उतरली नाही.

"मॅडम, मीच केलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"माह्याच पान्यानं झालं नं? ते पांढरे पडले ते माह्याच पान्यानं पडले."

"नाही. दुकानातलं ओढलं असतं तरी हेच झालं असतं. ती सिगारेटच वाईट आहे, करिश्मा. तुझ्या पाण्यानं काही फरक पडला नाही."

 कंडक्टरने घंटी मारली.

"दुकानातलं मशीनवर पाह्यलं का?"

"पाहिलं," मी म्हणाले.